खेळापुरती मराठी

तंजावर, मंगळवार संध्याकाळ

कंप्यूटरवर नवं विंडोज घातलं आणि पस्तावले. चार जीबी मेमरीतली तीन तेच गिळतं, माझा ऑनलाइन लढाईचा खेळ सारखा अडखळतो. मग लिनक्स घालून पाहिलं. मेमरी भरपूर उरली, पण त्यावर हा खेळ उघडतच नाही. मग उरून काय उपयोग?

चेन्नईतला माझा थोरला भाऊ अण्णा आणि मी रोज हाच खेळायचो, हेडफोनवर मराठीत ओरडत. "मागे बघ गं, आला!" समोरच्या संघातल्या तमिळ पोरांना आमचा डाव कळू नये म्हणून. घरची भाषा खरी, पण एरवी आम्ही कुठे बोलतो मराठी?

आत्ता त्याचा फोन आला. म्हटलं, "खेळ बंदच झाला, अण्णा."

"विडु," म्हणाला. म्हणजे जाऊ दे. पुढचं सगळं बोलणं तमिळमध्येच झालं. आता कुणापासून काही लपवायचं नव्हतं.