पालथी खंजिरी

६ नोव्हेंबर २००६

पासपोर्ट आले! अकरा जणांचे अकरा. आमची समता ऑर्केस्ट्रा चीनले चालली — पांढरकवड्याची! तिथं लोककलेचा महोत्सव हाय, आपले चार कार्यक्रम. मारोती मास्तर हार्मोनियमवर डोकं टेकून रडले. मागच्या साली कापसानं घरंच्या घरं बसवली. जयंतीपेक्षा शेतकऱ्याईच्या शोकसभेतच जास्त गायलो. त्याच्यावर हे!

अश्वजित म्हणे, "सत्या, चीनमधी तरी हरजो माह्याकडून."

हट्! नऊ वर्षं झाले दोघं मुकाबला गातो. एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाऊनच जवाब द्यायचा. ज्याले सुचला नाई त्यानं खंजिरी पालथी ठेवायची, अन् पुढच्या मुकाबल्यापर्यंत समोरच्याशी अवाक्षर बोलायचं नाई. नेम म्हणजे नेम. आजपर्यंत ना तो हरला, ना मी.

१९ नोव्हेंबर

निळी साडी घेतली. स्टेजसाठी. खोटं कायले लिहू — त्याच्यासाठी.

२८ नोव्हेंबर, कुनमिंग

थंडी म्हणजे थंडी! भात मिळते, वरण नाई. मास्तर पिशवीतलं तिखट सगळ्यांच्या ताटात वाढत फिरते.

जेवतांनी कोरसमधल्या विमलताईनं हळूच सांगतलं. अश्वजितच्या मायनं उमरखेडची पोरगी पाह्यली, पायल नावाची. माह्याबद्दल कोणी बोललं तं म्हणे, "गळा सोन्याचा हाय पोरीचा. पण स्टेजवरची बाई सून नाई करायची."

"अन् तो काय म्हणे?"

"तो काय म्हणते! मान खाली घालून जेवत होता."

जेवत होता!

२९ नोव्हेंबर

रडली नाई. रडलं का गळा बसते.

२ डिसेंबर

शेवटचा कार्यक्रम झाला. हॉल गच्च भरला होता. मुकाबल्याची वेळ आली अन् मनात आलं — इथं आपला एक शब्द कोणाले समजत नाई. समजन तं आपल्या लोकाईले, लागन तं त्यालेच. मंग काय! रोजचा सवाल सोडला, उभ्या उभ्या नवा बांधला:

साऱ्या गावाले समतेचं गाणं शिकवत फिरतो रे,
एका बाईले घरात न्याले काहून डरतो रे?

मास्तराचं बोट पट्टीवरच अटकलं. ढोलकी चालू. अश्वजित माह्याकडे पाहून राह्यला. एक आवर्तन गेलं, दोन गेले, तीन गेले. मंग त्यानं वाकून खंजिरी पालथी ठेवली.

टाळ्या तं थांबेचना. लोकं उभे झाले. मी पुढं होऊन नमस्कार करतच राह्यली, करतच राह्यली. मांगं वळून पाह्यलं नाई. काय पाह्यचं होतं? नऊ वर्षांत पहिल्यांदा जिंकली अन् जीव जाते का राह्यते असं झालं.

४ डिसेंबर, विमानात

त्याची जागा माह्या बाजूले होती. मी उठून मास्तराजवळ बसली. तीनदा आला. "सत्या, ऐक तं." मी म्हटलं, हरलेल्यानं बोलू नाई. नेम तुलेच माहीत नाई का?

मास्तर म्हणे, "पोरी, नेम गाण्याचा असते. माणसाचा नाई."

मी खिडकीकडे तोंड केलं.

१८ डिसेंबर

माह्या अंगणवाडीच्या दारात येऊन उभा राह्यला. पोट्टे ओरडले, "बाई, गाणेवाले काका!" मी दार लोटलं. कडी लावली. तो गेल्यावर खिचडी वाढली पोट्ट्याईले.

२१ जानेवारी २००७

त्याचं लगन ठरलं. पायलशीच. बरं झालं! बरंच झालं.

११ फेब्रुवारी

उमरखेडले जाऊन आली. मंडपात मीच गायली. मुकाबला म्हणा, मुकाबला म्हणा — लोकाईनं गलका केला. मी नाई म्हटलं. पोरगी चांगली हाय. माह्या पाया पडली. ताई म्हणे मले.

१४ मार्च

चीनहून शेवटच्या कार्यक्रमाची सीडी आली. मास्तराच्या घरी बसून एकटीनं पाह्यली. अश्वजितपुढचा माईक चालूच होता. खंजिरी ठेवल्यावर, माह्या पाठीमांगं, टाळ्याईच्या खालून त्याचा आवाज साफ ऐकू येते.

"हरलो, सत्या. एक महिना थांब. मायले मी सांगतो. थांबशील ना?"

मी तिकडं लोकाईले नमस्कार करून राह्यली हाय.