बोया सुटला तेव्हा

बाबा, मी कामाला होते त्या बोईसरच्या कारखान्यात तू एकदाच आलास. होडीच्या इंजिनाचा पट्टा घ्यायला बाजारात आला होतास आणि हातात मी घरी विसरलेला डबा होता. नव्व्याण्णव सालची ती दुपार. त्याच सकाळी मी आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता.

आमच्या प्रयोगशाळेत एकच कॉम्प्युटर आणि त्यात दोन बिऱ्हाडं, ऑफिसच्या कामाचं विंडोज आणि तपासणीच्या नोंदींचं लिनक्स. मशीन सुरू केलं की आधी एक यादी यायची, कुणाकडे जायचं ते विचारणारी. विंडोज सारखं अडकायचं. "मी नवीन टाकते, त्यात काय एवढं!" असं साहेबांना छातीठोक सांगितलं आणि टाकलंही. असला आगाऊपणा माझ्यात तुझ्याकडूनच आलाय. पुन्हा सुरू करते तो यादीच गायब. मशीन सरळ विंडोजमध्ये शिरतं, आठ महिन्यांच्या नोंदींचा पत्ता नाही. साहेब म्हणाले, "पाचपर्यंत नोंदी दाखव. नाहीतर सगळं पुसून दोन्ही नव्याने टाक, आणि उद्यापासून येऊ नकोस."

तेवढ्यात गेटवरचा वॉचमन आला. "मॅडम, आपके पिताजी आये हैं." त्याच्या पाठोपाठ तू, पँट घोट्यावर दुमडलेली, अंगाला सुक्या बोंबलांचा वास. मला कुणाशीच बोलायचं नव्हतं. तू मात्र स्टूल ओढून बसलास.

"रडतंस कनाला?"

"आठ महिन्यांचं काम गेलं, बाबा."

"गेलं? तू बघलंस?"

"दिसतच नाही, तर बघणार काय!"

तू चिडलास. "दिसत नाय नि नाय, एकच हाय काय ते? आमचा बोया सुटून गेला, तर जाळं जातं? जाळं खाली खुंटाला बांदलेलंच हाय. वरून नवं टाकशील तर दोनी फाटतील. तारापूरची चिमणी नि देवळाचा ताड एका रेषेत धरायचा, दोरीनं लोखंडी आकडा खाली सोडायचा. मंग सापडतं."

लहानपणी तुझ्या होडीतून मी ती रेष धरलेली आहे. जाळ्याची जागा दाखवणारा बोया पाण्यावर तरंगत नसतो, सगळा समुद्र सारखाच दिसतो, आणि तू मात्र बोट दाखवून म्हणतोस, हितं.

मग मी काहीही न बदलता डिस्कचे भाग नुसते बघितले. तीन होते आणि तिन्ही जागच्या जागी. विंडोजने फक्त दारावरची यादी पुसून आपली पाटी लावली होती. लिनक्सच्या सीडीवरून मशीन सुरू करून मी सांगितलं, दुसऱ्या भागावरून ऊठ. पडद्यावर इंग्रजीत आरडाओरडा झाला आणि सगळं थिजलं. तुला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी म्हणालास, "रेष चुकली. हल जरा." तिसरा भाग सांगितला. ओळी सरसर वर गेल्या आणि माझ्या नोंदी होत्या तशा समोर आल्या. यादी परत लिहायला एकच हुकूम पुरला. चारच्या आत दोन्ही बिऱ्हाडं पुन्हा नांदायला लागली.

साहेबांनी विचारलं, कसं सुचलं? मी म्हटलं, "मला माहीतच होतं, सर." तू दारातच उभा होतास. घरी गेल्यावर बंदरावर भेटेल त्याला सांगत सुटलास, "पोरीनं एकटीनं काढलं." मी तुला थांबवलं नाही, त्याची अजून लाज वाटते. पुढे याच कामात माझा जम बसला. आजही लोक न उठणारी मशीनं माझ्याकडे आणतात, आणि बहुतेक मी उठवतेच. कुणी घाबरलं की म्हणते, आधी बघ, मग पूस. हे तुझं आहे, एवढं मात्र कधी सांगत नाही.

हे पत्र खणात त्या जुन्या सीडीखाली ठेवते. एक राहिलं. तू आत आलास तेव्हा पडद्यावर 'सगळं पुसायचं का?' असा प्रश्न होता आणि माझं बोट 'हो'वर टेकलेलं होतं. तू डबा पुढे केलास, तो घ्यायला मी हात उचलला.