हॅटीच्या मुठीतला बेडूक

डेक्लन,

काल उशिरा आलास म्हणून उठवलं नाही. जागा झालास की धाकट्या फिनला बघून दचकू नकोस. त्याच्या कपाळापासून पोटापर्यंत हिरवे बेडूक उमटलेत, आजारी नाहीये तो. लायब्ररीत गोष्ट संपली की मी मुलांच्या हातावर मारते ना, तो शिक्का काल हॅटीने माझ्या पिशवीतून पळवला. धुण्याच्या खोलीत फिनला आणि खेळण्यातल्या झाडून सगळ्या अस्वलांना रांगेत बसवून बाईसाहेबांनी गोष्ट सांगितली. वाचता येत नाही, पण पान उलटण्याआधी थांबते अगदी माझ्यासारखीच! "मागचे, ऐकू येतंय का?" हेही झालं. फिन शहाण्यासारखा बसला म्हणून त्याला एवढे बेडूक. मलाही एक मिळाला, "आज तू मध्येच झोपली नाहीस" म्हणून.

आता पंचाईत अशी की शिक्का मुठीत धरूनच ती झोपलीय, आणि मला काही तो काढून घेववेना. तिकडे लायब्ररीत पोरं शिक्क्याशिवाय दारातून हलत नाहीत. तेव्हा दोघांना घेऊन गोष्ट संपायच्या आत ये. सायकलने नदीकाठून नको, तिथला मॅगपाय पक्षी सध्या येणाऱ्याजाणाऱ्याच्या टाळक्यावर झडप घालतोय.

हॅटी म्हणेल, "मी नाही येणार, तिथे आई नसते, मिस रोवीना असते." तिला सांग, आज सगळ्यांना शिक्का तीच मारणार. आणि हाक मारायची ती आई म्हणूनच, मागच्या रांगेतून, अगदी जोरात.

रोवीना