कोरा रकाना

रविवार, १६ फेब्रुवारी १९८६, चंद्रपूर

डोकं अजून तापलेलंच आहे. आज आमच्या कोळसा खाणीच्या संघानं सिंदेवाहीत कबड्डीचा शेवटचा सामना एका गुणानं जिंकला, अन् संध्याकाळी आमचे नवे क्रीडा सचिव गुणांचा कागद हातात घेऊन मले म्हणतात, "चार सामने झाले, तुमच्या नावापुढचा रकाना कोरा. संघात कशाला ठेवू?"

कोरा म्हणे! शेवटी आमचे दोघंच उरले होते, तवा कर्णधार महादेवभाऊनं मलेच काऊन पुढं ढकललं? "गुण नको आणू, वेळ खाऊन ये," म्हणाला. आठ वर्षं माझं कामच हे आहे. संघ पुढं असला की समोरच्यांच्या अंगणात जायचं, एका दमात 'कबड्डी, कबड्डी' करत फिरवायचं, अन् कोणाच्या हाती न लागता परत यायचं. गावच्या तलावात बुड्या मारून कमळाचे कांदे काढले, तवा हा दम आला. तो कोणत्या रकान्यात लिहितील?

मी म्हटलं, "साहेब, इथीच उभे राहा, एका दमात कबड्डी म्हणा. मी तवर चहा पितो."

जास्त बोललो का? बोललो तर बोललो.

साहेब हसले, पण सगळ्या संघासमोर मागं कसे हटतील? माझा अर्धा कपही झाला नव्हता, तर धापा टाकत खुर्चीत बसले. गुणांचा कागद हातातून पडला. मी उचलून दिला, त्याच कोऱ्या रकान्यावर बोट ठेवून.

"आता समजा साहेब, समोर सात जण तुमचा पाय धरायले उभे आहेत."