आड बुजवण्यापूर्वी

मी, सौदामिनी वसंतराव सूर्यवंशी, वय बासष्ट, निवृत्त इतिहास शिक्षिका, राहणार लातूर. आजार शरीरात आहे. बुद्धी आणि आठवण शाबूत आहेत. कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहिते. यापूर्वी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. लातूरचा फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक माझा मुलगा आलोक याला द्यावी. त्याचे क्लासेस जोरात चालतात. त्याला गरज नाही. तरी द्यावी.

२. माझी पुस्तकं आणि हैदराबाद संस्थानचा भिंतीवरचा नकाशा माझी विद्यार्थिनी मालविका हिला. ती मुदखेडला इतिहास शिकवते. नकाशाला वाळवी लागली आहे. तेवढा भाग कापून टाकू नये.

३. जुन्या गावाजवळचं शेत, त्यातल्या आडासह. याबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे.

निजामाच्या शेवटच्या वर्षी रझाकारांनी माझ्या सासऱ्यांच्या, शेषेरावांच्या, थोरल्या भावाला घरासकट जाळलं. ही गोष्ट आमच्या घरी दर वर्षी सांगितली जाई. घरामागचा, शेतातला आड का बुजवला, हे कोणी सांगत नसे.

माझी मुग्धा, वय नऊ, गणपती विसर्जनासाठी आजोबांकडे गेली होती. १९९३च्या भूकंपात आडातला जुना भराव खचला आणि घराची मागची भिंत त्यात गेली. मुग्धा तिथे सापडली. तिच्याखाली जुनी हाडं निघाली. सासऱ्यांनी ती धोतराच्या सोग्यात गोळा केली आणि तिच्या चितेवर ठेवली. ही कुणाची, मी विचारलं.

"आपल्याच गावची हायेत, सूनबाई. टाकणाऱ्यात मी बी व्हतो."

पोलीस अॅक्शननंतर गावातले मुसलमान पुरुष मारून त्या आडात टाकले होते. सासऱ्यांचं ते चितेवर ठेवणं पश्चात्ताप होता की पुरावा जाळणं, मला कळलं नाही. वर्षभरात तेही गेले.

पुढे दर सप्टेंबरात मी विद्यार्थ्यांना त्या आडापाशी नेत आले. जळालेलं घर आणि आड, दोन्ही सांगत आले. मग बरोबर कोण, असं कोणीतरी विचारीच. एकजण म्हणाला, मॅडम, हे नीटच्या परीक्षेला येणार नाही. मी म्हटलं, म्हणूनच इथे आणलं. आमच्या संस्थेने मला अर्धीच गोष्ट सांगायला सांगितलं होतं. कोणती अर्धी, ते संचालक बदलले की बदलत असे. त्यांना मी क्षमा केलेली नाही. तशी नोंद असावी.

त्याच गावच्या महेबूबभाईंचे वडील त्या आडात होते. हाडांचं काय झालं ते मी त्यांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "आमच्यात जाळत न्हाईत, बाई." पुष्कळ दिवसांनी ते आपण होऊन आले. "तुमच्या लेकीसंगं गेले, हे बी खरं हाय." मालविकाने दोन्ही वाक्यं मुलांना सांगावीत. दुसऱ्याने पहिलं पुसू नये.

आलोकला आड बुजवायचा आहे. त्याला तिथे प्लॉट पाडायचे आहेत, असं मी लोकांना सांगत आले. ते खरं नाही. बहीण गेली तेव्हा तो बारा वर्षांचा होता. "तू तिथं इतिहास दाखवतेस आई," तो एकदा म्हणाला, "मला तिथं मुग्धी दिसते."

शेत आलोकलाच द्यावं. आड बुजवण्यापूर्वी त्याने एकदा तिथे जावं. मालविकाच्या विद्यार्थ्यांसमोर उभं राहून जाळलेल्या चुलत आजोबांचं, आडातल्या माणसांचं आणि मुग्धाचं नाव घ्यावं. आडातली नावं महेबूबभाईंना विचारावीत. एकही गाळू नये. त्यानंतर बुजवायचा की उघडा ठेवायचा, ते त्याचं त्याने ठरवावं. मालविकाने हरकत घेऊ नये.

त्याने काय ठरवलं, ते मला कळणार नाही. काहीही ठरवलं तरी मला दुःख होणार नाही, असं लिहिणार होते. ते खरं नाही, म्हणून लिहीत नाही.

वरील मजकूर वाचून, खालील दोघांच्या देखत सही केली.

सही: सौदामिनी वसंतराव सूर्यवंशी

साक्षीदार:
१. महेबूब दस्तगीर शेख
२. डॉ. जगदेवी सिद्धलिंग स्वामी

लातूर, ८ ऑगस्ट २०१७