बुचाला शब्द नाही

प्रिय आंतोन,

आता चौथ्यांदा खोडलं. कागद फाटायला आलाय. तुझा शब्दकोश समोर उघडा आहे, आणि बॉयलरच्या त्या बुचाला पोर्तुगीज शब्द त्यात नाही.

तुझ्या आईनं गोव्याहून विचारलंय, मुलगा कसा गेला. तिला पाद्री वाचून दाखवणार, आणि त्यांना वाचता येतं ते पोर्तुगीजच. म्हणून मालकांचा इंग्रजी अहवाल पोर्तुगीजमध्ये उतरवतोय. मानवतच्या या जिनिंगमध्ये तू मला ती भाषा शिकवलीस. नमस्कार, जेवण, समुद्र. समुद्र! इथे कुणाला लागतो समुद्र? एक बूच शिकवायला काय झालं होतं?

अहवाल म्हणतो, बॉयलर फुटण्याचं कारण बूच बसवण्यात फिटरचा निष्काळजीपणा. तो शब्द मात्र लगेच सापडला. 'नेग्लिजेंसिया'. तहसिलीतल्या उर्दू कागदात 'गफलत'. तुझा दोष सगळ्या भाषांत तयार आहे!

बॉयलरला जाळ घालणारा रुखमाजी आगवाला दारात उभा होता. त्याच्यावरच चिडलो. "तूच सांग, काय करतं ते बूच?"

"काय करतंय म्हंजे? पानी कमी पडलं की त्यातलं शिसं इतळतंय, वाफ खाली येती, जाळ इझतोय. बायलर वाचतंय." वर म्हणाला, "सगळ्यांच्या आदी मरायचं, येवढंच त्याचं काम. आपलं कुठून इतळंल, बाबूजी? लोखंडी व्हतं."

हो, लोखंडी. भर हंगामात शिशाचं वितळलं, दोन दिवस जिन बंद, कापसाच्या गाड्या पार फाटकाबाहेर. मालक म्हणाले, लोखंडाचं ठोका. चिठ्ठी मी लिहिली. तू वाचलीस आणि म्हणालास, "बाबू, हें बरें न्हय." मी म्हणालो, "हंगामापुरतं रे."

का ऐकलंस माझं? पाना फेकून गोव्याला का नाही गेलास?

बुचाचा तो शब्द मिळाला असता, तर पुढचं वाक्य लिहावं लागलं असतं. बूच कुणी बदलायला लावलं.

अहवाल आता उतरवत नाही. तू शिकवलेल्या साध्या शब्दांत लिहीन: सगळ्यांच्या आधी मरणारी वस्तू. ती मालकांनी लोखंडाची करायला लावली, आणि चिठ्ठीवर सही माझी होती. तुझ्या आईला हे कळेल. शब्द देतो.

तुझा विद्यार्थी,
बाबू

ता. क. सकाळी तुझ्या आईचं पत्र टपालात टाकलं. नक्कल मालकांच्या टेबलावर ठेवली. त्यांना पोर्तुगीज येत नाही, म्हणून मराठीत सांगितली. त्यांनी कचेरीची किल्ली मागितली. मी दिली.