खुराडं केवढं करायचं?

४ जानेवारी

कोंबड्यांच्या लाकडी पेटीचा तळ निसटला. सकाळी बघते तर पाचही कोंबड्या माझ्या शिलाई मशीनखाली! गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर काळीने नको तो प्रताप करून ठेवलेला. शर्ट धुतला, वाळवला, पुन्हा इस्त्री केली. ह्यांना म्हटलं, आता पक्कं खुराडं हवं. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "पाच कोंबड्यांसाठी कशाला? विकून टाक." जिभेला काही हाड? तात्पुरती मागच्या शेडमध्ये आडवी काठी बांधली आहे. रात्री तिच्यावर बसतात.

५ जानेवारी

बेतायच्या कागदावर खुराड्याचा आराखडा काढला. प्रत्येकीला टेप लावून माप घेतलं – छाती, उंची, शेपटीपर्यंत लांबी. त्यावरून पेटी आखली. मिस्त्रीने कागद उलटसुलट करून बघितला. "ताई, हे खुराडं आहे का ह्यांचा सदरा? पंख कुठे झटकायचे त्यांनी?" हसता हसता त्याला ठसका लागला. मीच पाणी आणून दिलं.

पण खरंच, केवढं करायचं? उद्या पिल्लं झाली तर? वाढत्या पोरीच्या फ्रॉकला आतून जास्तीच्या कापडाची माया ठेवते मी. लाकडाला कशी ठेवायची? मिस्त्री म्हणतो, आधी किती होणार ते ठरवा. ते कसं ठरवू? कोंबड्यांना विचारू?

८ जानेवारी

जागेचा घोळ. ऊन येतं ती जागा नेमकी जाळीच्या कुंपणाला लागून. आणि पलीकडे थोरले भावजी आणि जाऊबाई. अंगण एकच होतं, गेल्या वर्षी मध्ये जाळी आली. भांडण पाण्याच्या मोटरीवरून, तेही दोघा भावांचं. अबोला मात्र आम्हा दोघींच्या गळ्यात.

आता जाऊबाईंना मला काही ऐकवायचं असलं की त्या कोंबड्यांशी बोलतात. आज आपल्या ठिपकीला म्हणाल्या, "बघून घे बाई, पलीकडे बांधकाम निघालंय." मग मी काळीला सांगितलं, "ऊन सगळ्यांचं असतं गं." दोघी कोंबड्या खात बसल्या होत्या.

मशीन चालवायला मला जाऊबाईंनीच शिकवलं. माझ्या बोटात सुई गेली तेव्हा त्याच रडल्या होत्या. मला त्या परत हव्या आहेत. हे इथे लिहिते, दुसरं कुणाला सांगू?

११ जानेवारी

शेडमध्ये सहा! ठिपकी आमच्या काठीवर, घरचीच असल्यासारखी. उचलून कुंपणापाशी नेली. जाऊबाई दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. हात पुढे केला नाही. ठिपकीलाच म्हणाल्या, "बसली असशील तर बस." म्हणजे काय? घेऊ, की देऊ? ठिपकीला घेऊन बावळटासारखी उभी राहिले आणि परत आले.

१४ जानेवारी

आज सात. ही तुऱ्याची, तीही पलीकडचीच. जाळीला बोटं लावत लावत पुरी फेरी मारली, एक भोक नाही. फाटक आहे, पण कोंबडी काय कडी काढून येणार? आणि माझ्या पाचजणी तिला टोचतही नाहीत. मागे मी बाजारातून एक आणली होती, तिला ह्याच पाचजणींनी रक्तबंबाळ केलं होतं. त्यांना कधीपासून शहाणपण सुचलं?

मिस्त्री सांगत होता, जाऊबाईंनी त्याला अडवून विचारलं – तिच्या खुराड्यात किती मावतील? का विचारलं? उद्या कोंबड्या चोरल्या म्हणून बोंब होणार की काय? ह्यांना विचारलं तर "अगं, बघेल वहिनी." काय बघेल?

१५ जानेवारी

शर्टाला बाही उलटी लावली. माझं लक्षच नाही.

१८ जानेवारी

आठ. आज डोकंच फिरलं. काळीसमोर उभी राहून मोठ्याने म्हणाले, "पाहुण्या येऊन राहतायत, पण ह्यांचे दाणे कोण देणार?" पलीकडे भांडी घासायचा आवाज थांबला.

संध्याकाळी कुंपणाच्या अलीकडे दाण्यांचं पोतं. नुसतं ठेवलेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चोरीचा आळ घ्यायचा असता तर दाणे कशाला दिले असते? आणि द्यायच्याच असतील कोंबड्या, तर तोंडाने सांगायला काय झालं? विचार करून करून डोक्याचा भुगा झाला.

२१ जानेवारी

ठरलं. मोठंच करायचं. माझ्या, त्यांच्या, पुढे पिल्लं होतील ती – सगळ्या मावतील असं. आणि अंडी घालायच्या कप्प्याला झाकण जाऊबाईंच्या बाजूने. जाळी तेवढीच कापायची. त्या अंडी काढायला येतील, मी तेव्हाच झाडायला जाईन. कुणीतरी एक बोलेलच की! किती दिवस कोंबड्यांना मध्ये घालायचं?

मिस्त्रीने कानामागची पेन्सिल काढली, परत ठेवली. "त्या बाजूने? नक्की?"

"नक्की," म्हटलं. काहीतरी बोलणार होता, पण करवत उचलून कामाला लागला.

२६ जानेवारी

झालं एकदाचं. पत्रा बसला, दांड्या बसल्या, कोंबड्या आत. हेसुद्धा बाहेर येऊन "बरं झालंय" म्हणाले. जाऊबाई पलीकडे बराच वेळ उभ्या होत्या. मी झाडू घेऊन गेले, तोवर त्या आत गेल्या. उद्या बघू. उद्या मीच आधी बोलणार.

२७ जानेवारी

जाऊबाई फाटकातून सरळ आत आल्या, काखेत त्यांची लंगडी कोंबडी. "ही शेवटची. आता नको सोडूस, टोचतील. अंधार पडला की बाकीच्यांच्या मध्ये दांडीवर बसव, सकाळी त्यांना वाटतं ही आपलीच. बाकीच्या मी तशाच आणून बसवल्या. तुझ्या मशीनचा आवाज चालू असायचा." लंगडी माझ्या हातात दिली. बाहेर टेम्पोत त्यांचं कपाट चढत होतं.

घर विकलं. भावजी आणि त्या मुलीकडे राहायला गेले. कागदांवर ह्यांचीसुद्धा सही आहे! का नाही सांगितलंत म्हटलं, तर म्हणतात, "मला वाटलं, तुम्हा दोघींचं ठरलंय. तेवढ्यासाठीच तर मोठं करत होतीस ना?"

जाऊबाईंना 'बसा' म्हणायलाही मला सुचलं नाही. लंगडी मांडीवर आहे. अजून उजेड आहे बाहेर.